सांध्यावरचा नंबर : लोहाराच्या ऐरणीपासून वेल्डरच्या दाखल्यापर्यंत

वडील गेले त्याला आता चार वर्षे झाली. त्यांची पत्र्याची पेटी आवरताना तळाशी एका फडक्यात बांधून ठेवलेल्या तीन गोष्टी सापडल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे १९६५ सालचे ‘वेल्डर’ व्यवसायाचे प्रमाणपत्र. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली, दोन बोटे रुंदीची पोलादी पट्टी. आणि लोखंडावर आकडे ठोकण्याचे दोन पंच, एकावर १ आणि दुसऱ्यावर ७.

मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. कागद कसा वाचायचा, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे विद्यार्थ्यांना सांगण्यात आयुष्य गेले. पण या तीन वस्तूंपैकी प्रमाणपत्र तेवढे मला वाचता आले. पट्टी आणि पंच यांचा अर्थ समजायला मला वडिलांच्या जुन्या सोबत्यांकडे जावे लागले, आणि मग ग्रंथालयात. त्या दोन्ही ठिकाणी जे हाती आले, ते या लेखात मांडते आहे. प्रश्न साधा आहे. लोखंडाचे काम येते, हे माणसाने सिद्ध कसे करायचे? आणि ते सिद्ध झाल्यावर त्याला काम कोण देणार? आपल्या मुलखात गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर चार-पाच वेळा बदलले. प्रत्येक वेळी काही माणसांसाठी दार उघडले आणि काहींसाठी ते लागले.

१

माझे आजोबा गावचे लोहार. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांच्याकडे कसलाही दाखला नव्हता आणि कोणी मागितलाही नव्हता. बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत लोहारकी ही परीक्षा देऊन मिळत नसे, ती वतनाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार चित्र आहे, त्यातला लोहार मला आमच्या घरातलाच वाटतो. कुणब्याचे फाळ, पास, कुदळी, खुरपी, विळे दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुते आणायचे. कामाचा भाव ठरलेला नसे आणि कामाची तपासणीही नसे. फाळ तासात मोडला तर कुणबी भर चावडीवर बोलत असे. तीच काय ती परीक्षा, आणि ती जन्मभर चालू राही.

या व्यवस्थेत ज्ञान नव्हते असे मात्र नाही. आबांचे सगळे मोजमाप रंगावर चाले. तांबडे लोखंड वाकवण्यापुरते. पिवळे झाले की ठोकून आकार देण्याजोगे. आणि पांढऱ्याकडे झुकून ठिणग्या फेकू लागले की सांधण्याजोगे. दोन तुकडे त्या तावाला आणून, वर वाळू किंवा टाकणखार टाकून, घणाखाली एकजीव करायचे. वाळूमुळे लोखंडावरची खपली वितळून बाहेर निघते आणि स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो. आजच्या वेल्डिंगच्या रॉडवरचे आवरणही मुळात अशाच कामासाठी असते, हे मला फार उशिरा कळले. कोयत्याच्या धारेला पाणी देताना आबा पात्यावर चढत जाणारा रंग पाहत. गव्हाळ, मग जांभळा, मग निळा. गव्हाळ रंगावर थांबवले तर धार टणक पण ठिसूळ, निळ्यावर थांबवले तर चिवट पण मऊ. कुऱ्हाडीला कोणता आणि विळ्याला कोणता, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेले होते.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणे हे त्यांचे सर्वांत अवघड काम. लोखंडी पट्टी वळवून, टोके सांधून, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडे करायचे. ते गोवऱ्यांच्या आहारात तापवून फुगवायचे, लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते आणि आरे-पाटे आवळून धरते. कडे किती लहान ठेवायचे हा सगळा प्रश्न. फार लहान झाले तर चाक मोडते, मोठे झाले तर आठवड्यात निघून येते.

हे सगळे बापाकडून मुलाकडे जाई आणि तिथेच थांबे. दुसऱ्या जातीच्या मुलाला भात्याजवळ बसवण्याची रीत नव्हती. स्वतः लोहारकाम करणारे घिसाडी गाढवा-गाड्यांवर संसार लादून गावोगाव फिरत, पण त्यांना गावात वतन नव्हते. कसब तेच, ऐरण तशीच. एकाला बलुते, दुसऱ्याला पाल. तेव्हा ‘पूर्वी कागद लागत नव्हता, हाताला मान होता’ असे जे हळहळून म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. कागदाच्या जागी जन्म होता.

२

हे दार पहिल्यांदा किलकिले झाले ते मुंबईत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने अठराव्या शतकापासून जहाजे बांधली, पण ते मुख्यतः सागवानाचे काम होते. वाफेची एंजिने आली तशी लोखंडाची कामे वाढली. आर्देशीर करसेटजी वाडिया हे या बदलाचे ठळक नाव. त्यांनी वाफेच्या यंत्रांचे शिक्षण घेतले, १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे मुंबईच्या वाफयंत्रांच्या सरकारी कारखान्याचे ते प्रमुख अभियंता झाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि एंजिने-डबे दुरुस्त करणारे कारखाने उभे राहिले. परळ आणि माटुंगा या नावांना गिरण्यांइतकाच या रेल्वे वर्कशॉपांचा वास आहे.

याच काळात शिकाऊ कामगारांचा पहिला कायदा झाला. १८५० चा हा कायदा वाचताना मी थबकले. तो मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांसाठी होता. त्यांना एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावून पोटाची सोय व्हावी हा हेतू. म्हणजे हाताचे काम शिकणे ही सरकारच्या दृष्टीने शिक्षणाची बाब नव्हती, ती निराधारांची सोय होती. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, पण ते सार्वजनिक बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण आपल्याकडे रुजले. मात्र तिथे जायला आधी शाळा शिकलेली असावी लागे. घण मारणारा आणि नकाशा वाचणारा या दोघांमध्ये एक भिंत उभी राहिली. ती अजून पुरती पडलेली नाही.

या भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते या संस्थेत यांत्रिक आरेखन शिकवत. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला गेले आणि सायकलींचे दुकान चालवू लागले. पुढे तिथेच त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष भिनते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर विकले जायला फार काळ लागला. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे कामाला आलेली माणसे आसपासच्या खेड्यांतली होती. ओतकाम, कातकाम, जोडकाम ती तिथेच शिकली. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे सांगायला नको की ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्मही याच कारखान्याच्या आवारातला.

या गोष्टीची दुसरी बाजू आमच्या घरात होती. नांगर कारखान्यातून येऊ लागला, फाळ दुकानात मिळू लागला, तसा आबांच्या भात्याचा विस्तव कमी झाला. पुढे टायरची गाडी आली आणि धाव चढवणेही संपले.

३

शहरातल्या कारखान्यात जात सुटली का? अंशतःच. तिथे शिरायला दाखला नव्हे, ओळख लागे. गिरणीत जॉबर, गोदीत मुकादम, वर्कशॉपात मिस्त्री. गावचा, भावकीचा माणूस तोच आत घेई. १९३१ साली व्हिटली आयोगाने आपल्या अहवालात जॉबरच्या हाती असलेल्या भरतीवर आणि तिच्यातल्या लाचखोरीवर बोट ठेवले. काम शिकण्याची रीतही तीच. खलाशी म्हणून लागायचे, मिस्त्रीचे हत्यार उचलायचे, चहा आणायचा, आणि त्याची मर्जी बसली तर एखाद्या दिवशी हातोडा हातात मिळायचा.

मर्जी कोणावर बसते याचा हिशेब फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला मांडला गेला. रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्या भाषणातले सूत्र सर्वांना माहीत असते. पण त्या भाषणाचा मोठा भाग अगदी ठोस तक्रारींचा आहे. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो, वरच्या जागा त्याला का मिळत नाहीत, वर्कशॉपात कारागीर म्हणून त्याला का घेतले जात नाही. कापड गिरण्यांतही विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा की कामगारांच्या एकीची भाषा बोलणाऱ्यांनी आधी कारखान्यातल्या या पायऱ्यांकडे पाहावे.

हे भाषण मला लेखाच्या मध्यावर का आणावेसे वाटले, ते पुढच्या दहा वर्षांत स्पष्ट होते.

४

विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून सांधण्याची कला रशियन साम्राज्यात बेनार्डोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८० च्या दशकात पुढे आणली. तेव्हा कार्बनची कांडी वापरत. मग स्लाव्यानोव्ह यांनी धातूचीच कांडी वापरली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी त्या कांडीवर आवरण चढवले. ते आवरण जळताना धूर होतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. वर साचणारी खपली त्याला सावकाश निवू देते. म्हणजे आबांच्या वाळूचेच काम, थोडे अधिक. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची मशाल आली. तिची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि पोलाद १,५०० च्या आसपास वितळते.

तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठ्या बांधकामावर राज्य रिव्हेटचे होते. तापवलेला रिव्हेट भोकात घालून दोन्हीकडून ठोकायचा. त्याला टोळी लागे. पूर्ण वेल्डिंगने बांधलेले पहिले समुद्रगामी जहाज इंग्लंडमध्ये १९२० साली पाण्यात उतरले, पण वेल्डिंगचा पूर आला तो युद्धात. अमेरिकेत मालवाहू लिबर्टी जहाजे वेल्डिंगने जोडली गेली. त्यांतली काही थंड समुद्रात तडकली आणि सांध्याची परीक्षा हा जगभर गंभीर विषय झाला. आपल्याकडे इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी १९३५ साली निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबईच्या अडवाणी मंडळींनी स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनबरोबर वेल्डिंगचे रॉड बनवण्याची कंपनी काढली. वडिलांच्या पिढीचे वेल्डर अजूनही रॉडला ‘अडवाणी’ म्हणतात.

युद्धाला कारागीर हवे होते आणि ते मिस्त्रीच्या मर्जीने पुरेसे तयार होणार नव्हते. १९४० पासून भारत सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना आखली. काही महिन्यांत फिटर, टर्नर, वेल्डर घडवणारी केंद्रे उघडली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या शिकायला थेट इंग्लंडला गेल्या. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते आले ते डॉ. आंबेडकरांकडे, आणि या प्रशिक्षण योजनाही त्यांच्या खात्याच्या कक्षेत आल्या. चार वर्षांपूर्वी मनमाडला वर्कशॉपाच्या बंद दाराविषयी बोलणारा माणूस आता त्या दाराच्या किल्ल्या हाताळत होता. १९४५ साली युद्धातून परतणाऱ्यांसाठी पुनर्वसन आणि रोजगार यांचे महासंचालनालय निघाले आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे सुरू झाली. नाव नोंदवा, कार्ड घ्या, जागा निघाली की बोलावणे येईल. ती पुढे किती कुचकामी ठरली हे आपण जाणतो. पण मुकादमाच्या दारात उभे न राहता खिडकीवर नाव नोंदवता येते, ही कल्पना नवी होती.

५

१९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. सुरुवातीला देशात सुमारे ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्था होत्या. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि अभ्यासक्रम व परीक्षा देशभर एकसारख्या ठेवण्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. १९६१ साली नवा ॲप्रेंटिस कायदा झाला आणि १८५० चा अनाथांसाठीचा कायदा मोडीत निघाला. उमेदवारी ही आता दया राहिली नाही. कारखान्यांवर ती कायद्याने आली.

वडिलांनी १९६४ साली आयटीआयला नाव घातले. वेल्डरला आठवी पास पुरे आणि मुदत एक वर्ष. फिटरला दोन वर्षे. आबांना हे पटले नाही. “लोहाराच्या पोराला लोखंड सरकार शिकवणार?” असे ते म्हणाले, हे आत्या सांगे. पण वडील सांगत त्यात दुसरीच गोष्ट पुढे येई. वर्गात त्यांच्या एका बाजूला मराठ्याचा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला महार समाजातला, नुकताच बौद्ध झालेल्या घरातला. तिघांना एकच होल्डर आळीपाळीने धरावा लागे. निदेशक पहिल्या दिवशी तिघांनाही सारखेच म्हणाले, की तुम्हाला काही येत नाही. वडिलांना त्याचा राग आला होता, कारण त्यांना येत होते. त्या बौद्ध मित्राने पुढे मला सांगितले, “तुझ्या वडलांना राग आला, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम काही येत नव्हतं.”

पहिले दोन महिने नुसते सपाट पट्टीवर सरळ रेघ ओढणे. कांडीचे टोक आणि पट्टी यांत अंतर किती ठेवायचे, हात किती वेगाने सरकवायचा, करंट किती. अंतर वाढले की ठिणगी भरकटते, कमी झाले की रॉड चिकटतो. काचेतून पाहताना बाकी सगळे काळे; दिसते ते फक्त वितळलेल्या धातूचे लहानसे तळे. ते तळे वाचायला शिकणे म्हणजे वेल्डिंग शिकणे. काच खाली घ्यायला उशीर झाला तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, आणि आजी बटाट्याच्या चकत्या ठेवायची, हे आमच्या घरातले ठरलेले दृश्य.

६

प्रमाणपत्र मिळाले. काम मिळाले नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड दोन वर्षे खिशात राहिले. प्रत्येक फाटकावर एकच प्रश्न, “अनुभव किती?” शेवटी कोणाच्या तरी ओळखीने एका साखर कारखान्यात ठेकेदाराचा हेल्पर म्हणून ते लागले. म्हणजे फिरून मुकादमाच्याच दारात.

साखरपट्ट्यात वेल्डरचे काम हंगामाच्या उलट चाले. गळीत हंगाम संपला की बॉयलर थंड करून उघडायचा, नळ्या बदलायच्या, वाफेचे पाइप जोडायचे. प्रवरेला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळाभर हे काम मिळू लागले. पण बॉयलरचा सांधा म्हणजे घराची खिडकी नव्हे. तो फुटला तर माणसे मरतात. म्हणून १९२३ चा बॉयलर कायदा आणि १९५० चे नियम. बॉयलरवर वेल्डिंग करणाऱ्याने निरीक्षकासमोर वेगळी परीक्षा दिलेली असली पाहिजे, आणि त्या दाखल्यालाही मुदत असते. आयटीआयचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

वडिलांकडे तो दाखला नव्हता. ज्याच्याकडे होता तो वेल्डर वयस्कर झाला होता, त्याचा हात थरथरे. मग ठेकेदाराने सोय काढली. काचेमागे वडील बसत, सांधा पुरा झाला की त्याच्याशेजारी त्या दुसऱ्या माणसाचा नंबर ठोकला जाई. सांधा कोणाचा हे नंतर ओळखू यावे म्हणून हा नंबर असतो. तीन उन्हाळे वडिलांनी असे सांधे मारले. वडील खोटे बोलत नसत; एवढ्या एका बाबतीत ते गप्प राहिले, आणि त्याची टोचणी त्यांना अखेरपर्यंत होती. “फुटला असता तर त्याला धरलं असतं,” ते म्हणत, “आणि नाही फुटला तर त्याचं नाव झालं.”

१९७१ साली त्यांनी स्वतः परीक्षेला बसायचे ठरवले. पहिल्या वेळी ते नापास झाले. मुळाशी, म्हणजे सांध्याच्या अगदी तळाच्या थरात, पुरता वितळ झाला नव्हता. वरून सांधा देखणा होता. दुसऱ्या वेळी ते पास झाले, आणि पेटीतली ती वाकवलेली पट्टी त्या दिवसाची.

तिचा अर्थ असा. दोन तुकडे सांधायचे. मग सांध्यातून आडव्या पट्ट्या कापायच्या आणि त्या एका गोल ठोकळ्यावर दाबून पुऱ्या उलट्या वाकवायच्या. काहींत सांध्याचा चेहरा बाहेर येईल अशा, काहींत मूळ बाहेर येईल अशा. आत पोकळी, राख किंवा न वितळलेली जागा असेल तर ती ताणाखाली उघडते. आज रूढ असलेल्या अमेरिकन संहितेत तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भेग चालत नाही. या परीक्षेत बोलावे लागत नाही, इंग्रजी यावे लागत नाही. पट्टीला जात नसते.

ती पट्टी घेऊन वडील गावी आले. आबांना तेव्हा कमी दिसे. त्यांनी ती हातात घेतली, वाकलेल्या पाठीवरून अंगठ्याचे नख दोनदा फिरवले आणि म्हणाले, “सांधा लागत नाही.” मग थोड्या वेळाने विचारले, “पगार किती?”

वडिलांना नंबर मिळाला १७. दोन पंच त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले.

७

यापुढचा काळ वेल्डरच्या भरभराटीचा. सरकारने १९६० साली ताब्यात घेतलेल्या माझगाव डॉकमध्ये ‘निलगिरी’ ही युद्धनौका बांधली गेली आणि १९७२ साली नौदलात दाखल झाली. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल लागले आणि तिथल्या फलाटांचे काम निघाले. त्याच सुमारास आखातात तेलाचा पैसा वाहू लागला. कोकणातली, मराठवाड्यातली मुले मुंबईत येऊन ट्रेड टेस्ट देऊ लागली. माझा चुलतभाऊ त्यांतला एक. पंचेचाळीस अंशांत तिरका, पक्का बांधलेला पाइप. तो फिरवायचा नाही, स्वतःच त्याच्याभोवती वाकून, निजून, उलटे होऊन सांधा पुरा करायचा. वेल्डर तिला ‘सिक्स-जी’ म्हणतात. ती जमली की विमानाचे तिकीट, असा तेव्हा समज होता.

परदेशी जाणाऱ्या कामगारांची फसवणूक रोखण्यासाठी १९८३ चा स्थलांतर कायदा आला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टबाबत ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी आजही लागते. हेतू चांगला आहे. पण त्यातला विरोधाभास माझा भाऊ हसत सांगतो. सिक्स-जी पास झालेला हात, आणि पासपोर्ट सांगतो की या माणसाला स्वतःचे हित कळत नाही.

या संहितांतला एक नियम मला सर्वांत विचार करायला लावतो. वेल्डरने एखाद्या पद्धतीने सलग सहा महिने काम केले नाही, तर त्या पद्धतीतली त्याची पात्रता संपते. माझी पदवी पन्नास वर्षांपूर्वीची, मी ती भिंतीवर टांगली तरी कोणी परत मागत नाही. वेल्डरचा दाखला मात्र हात थांबला की मरतो. याचा अर्थ काम आणि पात्रता वेगळी करता येत नाहीत. काम नसेल तर पात्रता जाते, आणि पात्रता गेली की काम मिळत नाही. देशालाही हे लागू आहे. माझगावला बांधलेल्या पाणबुड्या ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ १९९२ आणि १९९४ साली नौदलात आल्या. पुढच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ उजाडले. एवढ्या वर्षांत हात काही वाट पाहत नाहीत.

८

आज देशात आयटीआयची संख्या १४ हजारांवर गेली आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्य खासगी आहेत. वडील ज्या प्रश्नाशी अडले तो तसाच आहे. दाखला आहे, अनुभव नाही. अनुभव आहे, दाखला नाही. आमच्या गल्लीत इमारत उभी राहते आहे. तिथे एक मुलगा साधा काळा चष्मा लावून जिन्याचे कठडे सांधतो. त्याचा हात चांगला आहे, एवढे मला आता कळते. तो घिसाडी समाजातला. त्याचे आजोबा पालावर भाता मारत. आयटीआयला तो गेला नाही, कारण आठवीपर्यंत एका गावात राहणे झाले नाही.

अशांसाठी आता आधी शिकलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत लोहारही आहे. नोंदणी झाली की दाखला आणि ओळखपत्र मिळते. आबांना जे कोणी कधी दिले नाही ते त्यांच्या पणतवाला मिळू शकते. मी त्याचे स्वागत करते. फक्त एक शंका राहते. ओळखपत्र माणूस कोण हे सांगते. त्याचा सांधा कसा आहे हे वाकवलेली पट्टी सांगते. वतनाच्या काळात आपण पहिल्यावर भागवले होते. त्या मुलाला दुसरी संधी मिळाली, म्हणजे त्याच्याही हातात दोन तुकडे देऊन निरीक्षक समोर उभा राहिला, तरच काही बदलले असे म्हणता येईल.

त्याला मी वडिलांची पट्टी दाखवली. त्याने ती उजेडात धरली, आबांसारखेच पाठीवरून नख फिरवले आणि विचारले, “ही परीक्षा कुठं देतात?”

मी चौकशी करते आहे. फी किती, कागद कोणते, शाळेच्या दाखल्यावाचून अर्ज घेतात का, हे अजून विचारते आहे. १ आणि ७ हे पंच पेटीतच आहेत. ते त्याला देऊन उपयोग नाही, त्याचा नंबर वेगळा येईल.